चौथ्या बाटलीपुढची खूण

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. कासार आंबोली, मागचा व्हरांडा. दुपारी साडेबारा.

हजर: पाहुणे नऊ. त्यांपैकी पुण्याहून सहा, आसपासच्या बंगल्यांतले तीन. स्वयंपाकघरात सुरेखा. वाढायला मी.

माझ्या नोंदवहीत त्या पानाच्या डोक्यावर एवढंच आहे, आणि एवढं खरं आहे. त्याखाली जी यादी आहे, तिच्यात एक खूण खोटी आहे. तिच्याबद्दल मी माझ्या माणसांपैकी कुणाला अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिचं त्यात नुकसान झालं तिला तर नाहीच. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असतात तर जास्त बरं झालं असतं? ठरवता येत नाही. असो. क्रमाने सांगते. क्रम धरला की मला जमतं.

मी याद्या करणारी बाई आहे. हिंजवडीच्या एका कंपनीत वीस वर्षं प्रशासन सांभाळलं: बसच्या वेळा, कँटीन, आग विझवायच्या नळकांड्यांच्या तारखा. नोकरी सोडली तेव्हा निरोपाला सगळ्यांना घड्याळ मिळतं, मला क्लिपबोर्ड मिळाला. मला आवडला. कासार आंबोलीला आमचा लहानसा बंगला आहे. तिथे बसून नुसतं झाडांना पाणी घालणं मला झेपणारं नव्हतं. तेव्हा मी वाइनचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि महिन्यातून दोन रविवारी जेवणं सुरू केली. विषय एकच — गोड वाइन, आणि तिच्याबरोबर काय खावं.

गोड वाइनची द्राक्षं वेलीवरून उतरवायची घाई करत नाहीत. सुरकुतेपर्यंत ठेवतात. पाणी उडतं, गोडी राहते. बाटली लहान असते, घोटही लहान, आणि थंड. पहिला नियम सोपा आहे: ताटातला पदार्थ पेल्यातल्या वाइनहून गोड असता कामा नये. असला तर वाइन आंबट लागते आणि पाहुणे बाटलीला नावं ठेवतात. हा नियम मी आपल्या पदार्थांवर लावून बघितला. पुरणपोळी — नापास. गुलाबजाम — पाकासकट नापास. अनारसे — काठावर. खारे शेंगदाणे — पास. आणि बकऱ्याची कलेजी, लोखंडी तव्यावर, नुसतं मीठ आणि मिरी — पहिला वर्ग.

कलेजी सुरेखाने केली होती. सुरेखा गावातल्या बुद्धविहाराच्या मागे राहते. सोमवार ते शनिवार घोटावड्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, आणि रविवारी माझ्याकडे. चाळिशीची, कामाला वाघीण, तोंडाने फटकळ. त्या पहिल्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, ‘‘ह्ये गोड पानी आन् कलेजी? येडं लागलंय व्हय लोकास्नी?’’ मी तिला एक तुकडा आणि एक घोट दिला. तिने दोन्ही तोंडात घोळवलं. मग पेला पुढे केला. ‘‘द्या आजून. नीट कळलं न्हाई.’’

आम्ही दोघी खूप हसलो होतो. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते परक्या बाईशी झालं असं कुणाला वाटू नये.

आता नाकाचं.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. ताप आठ दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. एकदा फोडणीचा धूर डोळ्यांना झोंबला, तेव्हा कळलं की मोहरी जळली आहे. उदबत्ती, डेटॉल, सायलीची फुलं, नवऱ्याचे मोजे — काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी त्यासाठी एक तक्ता केला. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी नाकाशी धरायची आणि पुढे खूण करायची. सहा महिने तक्ता भरला. सगळ्या फुल्या.

जीभ शाबूत होती. गोड, आंबट, खारट, कडू, एवढं कळत होतं. आणि पहिला नियम जिभेचाच आहे. त्यामुळे मी स्वतःला सांगितलं की काम अडत नाही. पण वाइनचं जेवण म्हणजे काय हो? लोक पेला फिरवतात, नाक आत घालतात आणि तुमच्याकडे बघतात. तुम्ही काहीतरी सांगायचं असतं. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तेव्हाच सरळ सांगून टाकलं असतं तर? काय झालं असतं? काहीच नाही. त्या वर्षी निम्म्या शहराचं नाक गेलं होतं. पण मी म्हणजे जिच्या यादीत कधी काही राहत नाही, ती बाई. माझंच मुख्य हत्यार गेलं, हे मला सांगवेना. मी एक युक्ती काढली.

मी सुरेखाची परीक्षा घ्यायला लागले.

बाटली उघडायची, थोडी पेल्यात ओतायची आणि मास्तरणीच्या आवाजात विचारायचं, ‘‘सांग बघू, कशाचा वास येतोय?’’ तिला वाटायचं, मी तिला शिकवते आहे. ती डोळे मिटून सांगायची. मधाचं पोळं काढताना धूर करतात, त्यातनं येतो तसा. उन्हात घातलेल्या आंबापोळीचा, पण दुसऱ्या दिवशीच्या. फणस कापताना हाताला तेल लावतो, त्या हाताचा. मी म्हणायचे, ‘‘बरोबर.’’ मान डोलवायचे आणि वहीत लिहायचे. वहीत चार रकाने आहेत: पदार्थ, वाइन, वास, शेरा. दोन मोसमांतला तिसरा रकाना सगळा तिचा आहे. अक्षर माझं.

तो रकाना मी पाहुण्यांना वाचून दाखवायचे. त्यांना फार आवडायचं. पुस्तकातली परदेशी फळं नाहीत, किती आपले शब्द, म्हणायचे. एकीने तर विचारलं होतं की हे नाक असं तयार कसं केलंत. मी म्हणाले, ‘‘सराव.’’ सुरेखा तेव्हा चार हात अंतरावर ताटल्या गोळा करत होती.

ही चोरी झाली. पण मी सांगायला बसले ती गोष्ट ही नाही. त्या गोष्टीच्या अंगणापर्यंत आले आहे फक्त.

त्या फेब्रुवारीत शुक्रवारी सुरेखाची गाय व्याली. गाय तिच्या सासूची, पारूबाईंची. तीन बंगल्यांना त्या गाईचं दूध जायचं, सकाळी सातच्या आत, पारूबाई स्वतः घेऊन जायच्या. रविवारी सकाळी सुरेखा चिकाची किटली घेऊन आली. स्टीलची, घट्ट झाकणाची, बाजूला पारूबाईंचं नाव टोचून घातलेलं. मी सवयीने पेन काढलं आणि किती द्यायचे ते विचारलं. सुरेखा माझ्याकडे बघतच राहिली.

‘‘चीक इकत्यात व्हय, ताई? म्हातारी म्हनली, पाव्हण्यांच्या तोंडाला लागू द्या. फकस्त किटली मोकळी धाडू नका. गुळाचा खडा टाका आत.’’

मला रीत माहीत होती. व्यालेल्या गाईचा पहिला चीक वाटायचा असतो, आणि ज्या भांड्यात तो आला ते भांडं रिकामं परत जात नाही. मी यादीत लिहिलं: किटली — गुळासह परत.

खरवस सुरेखाने उकडला. गूळ बेताचा, जायफळ किंचित. ‘‘गूळ कमीच टाकलाय,’’ ती म्हणाली, ‘‘तुमची वाइन रुसायला नगं.’’ माझा पहिला नियम तिने माझ्याहून चांगला आत्मसात केला होता.

त्या दिवशीच्या यादीत एकवीस कामं होती. वाइन वाढायचा एका दिवसाचा परवाना, बर्फ, पेले, टेबलावरच्या पांढऱ्या चादरी. सतरावं काम — बाटल्या चार, उघडून वास तपासणे. वाइनची बाटली कधीकधी बुचापासून बिघडते. दिसायला ठीक असते, जिभेला फार कळत नाही, पण वास येतो, ओल्या पोत्याचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. म्हणून प्रत्येक बाटली आधी हुंगायची असते. तीन बाटल्या मी सुरेखासमोर धरल्या. ‘‘सांग बघू?’’ तिने सांगितलं. चौथी उघडली तेव्हा तिचे दोन्ही हात उकडपात्रात होते, आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मी थांबू शकले असते. दोन मिनिटांचं काम होतं.

मी पेल्यात थेंबभर ओतली, नाकाशी नेली — कुणी बघत नव्हतं, तरी नेली — आणि चौथ्या बाटलीपुढे बरोबरची खूण केली.

ही ती खूण.

जेवण उत्तम झालं. सुरुवातीलाच मी पाहुण्यांना ऐकवलं होतं की इथली प्रत्येक बाटली मी स्वतः तपासते. शेवटी खरवस आला. टेबलाच्या उजव्या टोकाला बंगल्यांतले तिघं बसले होते, पारूबाईंचं दूध ज्यांच्याकडे जायचं तेच. त्यांत शर्वरीताई, तिसऱ्या बंगल्यातल्या आमच्या शेजारी, घरी येणाऱ्या गाईच्या दुधाबद्दल नेहमी अभिमानाने बोलणाऱ्या. त्या टोकाला मी चौथी बाटली ओतली. शर्वरीताईंनी खरवसाचा चमचा तोंडात घातला, वर घोट घेतला आणि नाक मुरडलं.

‘‘कसला तरी कुबट वास येतोय का हो? ओल्या पोत्यासारखा?’’

शेजारच्या दोघांनीही वाट्या खाली ठेवल्या. खरवस हुंगला. एकमेकांकडे बघितलं.

आता नीट ऐका, कारण इथे मला कुठलीही पळवाट नाही. माझं डोकं अशा वेळी फार लवकर चालतं. डावीकडचे सहा जण तोच खरवस, त्याच थाळ्यातला, मिटक्या मारत खात होते. फरक फक्त बाटलीचा होता. चौथी. मला दोन सेकंदांत कळलं. गोंधळले, घाबरले, तोंडातून निघून गेलं — यातलं काहीही नाही. कळल्यावर बोलले.

‘‘बाटली बिघडली आहे, बदलते,’’ एवढं म्हणायचं होतं. वाइन वाढणारे लोक हे उठता-बसता म्हणतात, त्यात कुणाचा अपमान नाही. पण पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही तपासली होती ना? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला माझं नाक होतं.

मी म्हणाले, ‘‘गावातला चीक आहे हो. भांडं नीट घासलेलं नसेल. त्यांच्याकडे तेवढी स्वच्छता —’’

वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. मान हलवणाऱ्यांनी ते आपापलं पुरं केलं. विहारामागच्या घरातून आलेल्या भांड्याबद्दल ‘‘त्यांच्याकडे’’ म्हटलं की ते वाक्य कुठवर जातं, किती जुन्या जागी जाऊन लागतं, हे मला माहीत नव्हतं असं लिहू का? माहीत होतं. मी जातपात मानत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. गरज पडली तेव्हा तेच हत्यार हाताला लागलं — शोधावंही लागलं नाही.

सुरेखा दारात उभी होती. हातात खरवसाचा दुसरा थाळा.

तिने थाळा टेबलावर ठेवला. नीट, मधोमध. मग रिकाम्या ताटल्या उचलायला लागली. उजव्या टोकाच्या तीन वाट्या तशाच भरलेल्या होत्या. त्याही उचलल्या.

सगळे गेल्यावर ती पेले विसळत होती. उजव्या टोकाचा एक पेला तिने नाकाशी नेला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘‘ताई, वास पेल्याला हाय. खरवसाला न्हाई.’’

तिने मला संधी दिली होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

‘‘वाइनमधलं तुला काय कळतंय?’’ मी म्हणाले.

माझ्या वहीचा तिसरा रकाना जिने भरला, तिला.

सुरेखाने पेला पालथा घातला, हात पुसले. ‘‘न्हाई कळत,’’ ती म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. किटली ओट्यावर राहिली. गूळ घालायचा राहिला होता म्हणून मी ती दिली नव्हती. तिने मागितलीही नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. निरोप नाही, काही नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, कँटीनची वेळ वाढली तिची. दहा-बारा दिवसांनी शर्वरीताई रस्त्यात भेटल्या. उत्साहाने म्हणाल्या, ‘‘आम्ही तिघांनीही ते दूध बंद केलं बरं का. पिशवीचं सुरू केलं. तुम्ही म्हणालात ना त्या दिवशी.’’ मी म्हणाले, ‘‘बरं केलंत.’’

हेही धरा. पहिल्या वेळी दोन सेकंद होते, या वेळी भर दुपारचा मोकळा रस्ता होता.

गुरं पाळणाऱ्या घराला तुमचं भांडं घाण आहे म्हणणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पारूबाई सत्तरीच्या. त्यांना सुनेने काय सांगितलं असेल? पाहुण्यांना खरवस आवडला, असं? की खरं? सकाळी सातला त्या किटल्या घेऊन निघाल्या असतील आणि फाटकावर त्यांना ‘उद्यापासून नको’ म्हटलं असेल. कारण कुणी सांगितलं असेल का? त्या उन्हाळ्यात गाय विकल्याचं कानावर आलं. दूध बंद झालं म्हणूनच विकली का? माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही.

सुरेखा अधूनमधून पिरंगुटच्या स्टॉपवर दिसते. ‘‘बऱ्या हाय का, ताई?’’ ती विचारते. मी म्हणते, ‘‘हो गं. तू?’’ ती म्हणते, ‘‘चाललंय.’’ मग तिची बस येते. आली नाही तर ती जरा पुढे जाऊन उभी राहते.

जेवणं मी चालूच ठेवली. स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली. ती वाइनला हात लावत नाही, वासही घेत नाही, आणि मी तिची परीक्षा घेतली नाही. वास मी जुन्या वहीतूनच वाचत राहिले. द्राक्षं नव्या वर्षाची, बाटली नवी, आणि मी पाहुण्यांना सांगतेय फणसाच्या तेलाच्या हाताबद्दल! पाहुणे डोळे मिटून म्हणायचे, हो हो, येतोय. याचं मला हसू यायला हवं होतं. मला भीती वाटायची.

मग मागच्या महिन्यातला रविवार.

हजर: पाहुणे आठ. नांद्याच्या नव्या सोसायटीतली एक मुलगी होती, पंचविशीची, आयटीतली, पहिल्यांदाच आलेली. मी कलेजीबरोबर वाइन ओतली आणि वाचलं: मधाचं पोळं, धूर. तिने पेला हुंगला, पुन्हा हुंगला.

‘‘मॅडम, सॉरी हं, पण मला पोळं-बिळं काही येत नाहीये. मला कुरिअरचा खोका भिजल्यासारखा येतोय.’’

सगळं तसंच. कुबट वास, टेबल, माझ्याकडे वळलेली तोंडं. या वेळी कलेजी शेजारच्या धनगरवस्तीवरून आली होती. वाक्य जिभेवर तयार होतं, खरंच होतं. इतकं सोपं असतं ते. मी क्लिपबोर्ड टेबलावर पालथा ठेवला.

‘‘मग बाटलीच बिघडली असणार,’’ मी म्हणाले. ‘‘मला सांगता येणार नाही. मला वास येत नाही. पाच वर्षं झाली.’’

मी नजर खाली ठेवली होती. मग तीच मुलगी म्हणाली, ‘‘अहो, मग आधी सांगायचं ना! इथे आठ नाकं रिकामी बसलीत!’’

आणि टेबल हसलं. मलाही हसू आलं, पण ते मध्येच कुठेतरी मोडलं आणि मला पाणी प्यावं लागलं. दुसरी बाटली उघडली. पेला सगळ्यांतून फिरला. कुणाला तिळाच्या वडीचा वास आला, कुणाला आजारपणातल्या मोसंबीचा, एका गृहस्थांना काहीच आला नाही आणि त्यांनी तेही मोठ्याने सांगितलं. मी नुसती लिहीत होते, प्रत्येक वासापुढे ज्याचं त्याचं नाव. इतकं हलकं जेवण मी आजवर वाढलं नव्हतं. ताटल्या धुताना मी गुणगुणत होते. नवऱ्याने विचारलं, काय झालं? त्याला नाकाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला वाटलं होतंच. माझ्या मोज्यांवरून तू बोलायची थांबलीस.’’

पुढची गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ती इथे लिहिते आहे.

सोमवारी सकाळी मी यादी केली. चार ओळी, चार घरं.

एक. शर्वरीताई. त्या झोपाळ्यावर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — बाटली, नाक, चीक चांगला होता, भांडं स्वच्छ होतं, मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, ‘‘अगंबाई, ते अजून धरून बसलात? मी तर विसरलेसुद्धा.’’ मग जरा वेळाने, ‘‘म्हणजे दूध चांगलं होतं? मग मी कशाला बंद केलं?’’ मी म्हणाले, ‘‘माझ्यामुळे.’’ खूण केली.

दोन. पलीकडचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी फाटक उघडलं नाही, गजांतूनच ऐकून घेतलं. ‘‘तीन वर्षांनी सांगायला आलात?’’ मी म्हणाले, ‘‘हो.’’ खूण.

तीन. तो बंगला मधल्या काळात विकला गेला आहे. नव्या मालकांना कशाचाच पत्ता नव्हता. मी त्यांनाही सांगितलं. ओळ यादीत होती, मोकळी कशी सोडणार? ते दोघं नवरा-बायको लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही पाणी घेणार का?’’ घेतलं. खूण.

घरी आल्यावर जुनी वही काढली. चौथ्या बाटलीपुढची खूण खोडली आणि बाजूला लिहिलं: तपासली नव्हती. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर, प्रत्येक पानावर, ‘वास’ या शब्दापुढे लिहिलं: सुरेखा. चव्वेचाळीस पानं. हात दुखला, पण खांदे जे सुटले ते अजून सुटलेलेच आहेत. रात्री झोप लागते. लागावी का, हा प्रश्न मी यादीत घेतलेला नाही.

चौथी ओळ तशीच आहे. विहारामागचं घर.

तिथे जायला सात मिनिटं लागतात. मोजलेली आहेत. वाट अर्ध्यापर्यंत चालून बघितली आहे, दोनदा. का परत फिरले? कारण लिहीत नाही. लिहिलं की ते कारण वाटायला लागेल.

किटली माळ्यावरून खाली काढली आहे. तीन वर्षं ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, पारूबाईंचं नाव आतल्या बाजूला करून. गुळाची लहान ढेप आणली आहे, ओट्यावर आहे. आज सकाळी गूळ घालण्याआधी मी झाकण उघडलं आणि सवयीने नाक आत घातलं.

काही आलं नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं.

बाकी काम, एक: किटली, पारूबाई. गुळासह. स्वतः जाऊन. सुरेखा घरी असेल त्या वेळी, आणि दोघींना आधी तोंडाने सांगून, मग किटली.